उजेडाने वाकणारं प्लास्टिक : करामत प्रकाशाची की नुसत्या उष्णतेची?

धूमकेतू

एक व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पारदर्शक, पिवळसर झाक असलेली प्लास्टिकची पातळ पट्टी, एका टोकाला चिमट्यात धरलेली. अतिनील दिवा लावला की पट्टी दिव्याकडे वळून वेटोळं घालते, मग हिरवा दिवा लावला की परत सरळ. मोटर नाही, वायर नाही, काही नाही. खाली लिहिलं होतं लाइट रिस्पॉन्सिव्ह लिक्विड क्रिस्टल पॉलिमर.

आता माझ्या शंका. एक, दिवा मारला की कुठलीही वस्तू गरम होणारच, मग दोन धातूंची पट्टी जशी तापली की वाकते तसंच हे असणार ना? त्यात प्रकाशाचं कौतुक ते काय. दोन, लिक्विड क्रिस्टल म्हणजे मला आपलं टीव्हीचा पडदा आणि कॅल्क्युलेटर एवढंच माहीत, त्याचा वाकण्याशी काय संबंध? आणि तीन, रेणू बदलून बदलून बदलणार किती, त्याने डोळ्याला दिसण्याएवढी पट्टी कशी काय वाकते? जाणकारांनी प्रकाश टाकावा (कोटी अनवधानाने झालीय, चालवून घ्या).

कावळोबा

वाचायला बसलोय. येऊ द्या.

शाईचा_डाग

पॉलिमरमध्येच काम करते त्यामुळे राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

आधी तुमची दुसरी शंका घेते, कारण ती सुटल्याशिवाय बाकीच्या सुटणार नाहीत. लिक्विड क्रिस्टल ही पदार्थाची एक अवस्था आहे, पडदा हा तिचा फक्त एक उपयोग. १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट तापवताना दिसलं की हा पदार्थ दोनदा वितळतो, १४५.५ अंशाला गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशाला तो द्रव एकदम स्वच्छ होतो. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे आपली ही. रेणू काडीसारखे लांबट असतात, जागा सोडून इकडेतिकडे वाहतात पण तोंडं साधारण एकाच दिशेला ठेवतात. तिच्या अशा सगळ्यात साध्या प्रकाराला नेमॅटिक म्हणतात. तापवलं की ती शिस्त मोडते आणि साधा द्रव उरतो.

आता हेच काडीसारखे रेणू पॉलिमरच्या (म्हणजे प्लास्टिक ज्याचं बनतं त्या लांबलचक रेणूच्या) साखळीला जोडायचे, एकतर साखळीच्या आत गुंफायचे किंवा बाजूला टांगायचे. बाजूला टांगायचे असतील तर मध्ये लवचिक दोरीसारखा तुकडा ठेवावा लागतो, नाहीतर साखळी आणि काड्या एकमेकांना धड काम करू देत नाहीत. ही युक्ती फिंकेलमान आणि रिंग्सडॉर्फ या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९७८ ला दाखवली. पुढे १९८१ ला फिंकेलमान मंडळींनी अशा साखळ्या एकमेकींना बांधून जाळं केलं, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचं रबर झालं. गंमत अशी की १९७५ मध्येच फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी कागदावर मांडून ठेवलं होतं की असं रबर केलंत तर शिस्त मोडली की ते आपोआप आखडेल. का, तर शिस्तीत असताना साखळ्या त्या दिशेला ताणलेल्या असतात, शिस्त गेली की त्या गोळा होऊन बसतात, आणि सगळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे अख्खा तुकडाच तेवढा आखूड होतो. घनफळ मात्र जवळपास तेवढंच राहतं म्हणजे लांबीला २० टक्के आखडला तर रुंदीला आणि जाडीला साधारण १२-१२ टक्के फुगणार, गणित करून बघा.

आता प्रकाश. या जाळ्यात ॲझोबेंझिन नावाचा रेणू घालतात. दोन बेंझिनची कडी, मध्ये नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध. नेहमीच्या रूपात, ट्रान्स म्हणतात, तो सरळ काडीसारखा असतो, टोकापासून टोकापर्यंत ९ अँगस्ट्रॉमच्या आसपास (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषला की मोडून सिस रूपात जातो, तिथे लांबी साधारण ५.५ आणि आकार वाकडा. निळा-हिरवा प्रकाश दिला किंवा नुसतं अंधारात ठेवलं तरी परत सरळ. काड्यापेटीत सरळ काड्यांमध्ये थोड्या वाकड्या काड्या कोंबल्या तर शेजारच्याही तिरक्या होतात ना, तसं हे वाकडे रेणू शेजाऱ्यांची शिस्त बिघडवतात. थोडे टक्के वाकडे झाले तरी पुरतं. म्हणजे तापवून जी शिस्त मोडली असती ती प्रकाशाने मोडली, तापमान तेच ठेवून.

म्हणून प्रकाश इथे काही ढकलत वगैरे नाही. तो फक्त शिस्त बिघडवतो. आकार कसा बदलायचा ते पट्टी बनवतानाच ठरून गेलेलं असतं.

भिंगरी

शाईताई मस्त समजावलंत. पण तिसरी शंका राहिली की. ९ चे ५.५ अँगस्ट्रॉम झाले तर पट्टीही त्याच प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्के आखडायला हवी ना?

शाईचा_डाग

नाही ना, त्या रेणूचं आखडणं हे पट्टीचं आखडणं नव्हे. तो फक्त काडी टाकणारा, आग बाकीच्यांची. शिस्त किती गेली आणि साखळ्या किती ताणलेल्या होत्या यावर आकडा ठरतो. काही रबरं दुपटी-तिपटीने लांबी बदलतात तर कडक जाळी जेमतेम दोनचार टक्के.

आणि वाकण्याचं म्हणाल तर त्याला फार आखडावं लागतच नाही. ॲझोबेंझिन अतिनील प्रकाश एवढा जोरात शोषतं की वरच्या साधारण एक मायक्रॉनमध्येच (मिलिमीटरचा हजारावा भाग) बहुतेक प्रकाश खलास, खालच्या थराला पत्ताच नसतो. वरचा थर आखडला, खालचा तसाच, मग पट्टी दिव्याकडे वळणारच. आकडे घालून बघा. २० मायक्रॉन जाडीची फिल्म, वरचा १ मायक्रॉन फक्त १ टक्का आखडला असं धरा. दोन थरांच्या पट्टीचं जे जुनं सूत्र आहे त्याने वाकण्याची त्रिज्या ७ मिलिमीटर येते. म्हणजे दोन सेंटिमीटर लांब पट्टी जवळजवळ अर्धवर्तुळ करणार! एक टक्का, तोही विसाव्या हिश्श्यात.

टाचणी

गणित छान आहे पण मूळ शंका पहिली होती आणि ती बाजूलाच राहिली. या क्षेत्रातल्या निम्म्या करामती नुसत्या उष्णतेच्या असतात असं माझं स्पष्ट मत आहे. रबरात काळा रंग घाला, कार्बन नॅनोट्यूब घाला, सोन्याच्या नॅनोकांड्या घाला, वर लेझर मारा, गरम होणार, शिस्त मोडणार, आखडणार. मग मथळा काय, प्रकाशावर चालणारा रोबो. अहो मग हीटरवर चालणारा रोबो म्हणा की. २००४ चं ते पोहणारं रबर घ्या, ज्याची एवढी वाहवा झाली, रबरात नुसता रंग मिसळलेला होता. लेझर पडला की ६० अंशांहून जास्त वाकायचं आणि पाण्यावर ठेवलं की उजेडापासून लांब पळायचं.

रातकिडा

टाचणी, मुद्दा रास्त पण उष्णता म्हणजे फसवणूक असं कशाला? लांबून, वायर न लावता, पाहिजे त्या जागेवर, पाहिजे तेवढाच वेळ उष्णता पोचवता येते ती प्रकाशामुळेच ना. एका पट्टीचा तेवढाच डावा कोपरा गरम करायचा तर हीटर लावून दाखवा मला. सोन्याच्या नॅनोकांड्या तर जवळच्या इन्फ्रारेडला चालतात, तो प्रकाश अतिनीलपेक्षा शरीराला कितीतरी सौम्य आणि आत खोलवर जातो. उपयोगाच्या दृष्टीने कधीकधी उष्णतावालाच जास्त कामाचा.

फरक कुठे पडतो तर लक्षात ठेवण्यात. उष्णतावाली पट्टी दिवा बंद केला की सरळ, कारण ती थंड होते. ॲझोवाली दिवा बंद केल्यावरही वाकलेली राहू शकते. साध्या ॲझोबेंझिनचं सिस रूप खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतं, आणि कडीवर नायट्रोजनच्या बंधाशेजारी फ्लोरिनचे अणू लावले तर निम्मं उरायला दोन वर्षांच्या आसपास लागतात. उलट एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्याला ओढणारा गट लावला की सेकंदाच्या आत परत. ही मुदत रसायन बदलून हवी तशी लावता येते हे मला तरी फार भारी वाटतं.

धूमकेतू

ओके, पण मग समोर पट्टी वाकताना दिसतेय तर ओळखायचं कसं की हे कुठल्या प्रकारातलं?

शाईचा_डाग

धूमकेतू, सोप्या चाचण्या आहेत आणि शोधनिबंध तपासणारे परीक्षक लोक हल्ली त्या मागतातच.

पहिली म्हणजे रातकिडा म्हणाले तीच, दिवा बंद करून अंधारात नुसतं बघत बसा. क्षणात सरळ झाली तर संशय उष्णतेवर (पण मुदत कमी असलेलं ॲझो असेल तरीही होईल, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका). मग पट्टी पाण्यात बुडवून तोच प्रकाश मारा. पाणी उष्णता खेचून घेतं त्यामुळे उष्णतावाली पट्टी एकदम मंदावते, रासायनिक बदलावाली फारसं मनावर घेत नाही. इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर तापमान सरळ मोजा आणि तेवढ्याच तापमानाला अंधारात गरम प्लेटवर ठेवून बघा, किती वाकते. तेवढीच वाकली तर विषय संपला.

पण माझ्या मते सगळ्यात बोलकी चाचणी रंगाची. तुमच्या व्हिडिओत हिरव्या दिव्याने पट्टी सरळ झाली ना? उष्णतेचं काम असतं तर हिरवा दिवाही थोडंफार गरमच करणार, तो सरळ कशाला करेल. एका रंगाने वाकते आणि दुसऱ्या रंगाने सुटते हे नुसत्या उष्णतेला जमत नाही. तेव्हा तुमची पट्टी नक्की ॲझोवाली.

टाचणींच्या बाजूनेही एक सांगते, दोन्ही गोष्टी एकत्र चालतात आणि त्या सोडवणं कटकटीचं आहे. ॲझोने शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे रेणू वळतोच असं नाही, उरलेली ऊर्जा उष्णताच होते. दिवा प्रखर असला तर ॲझोवाली पट्टीही चांगली तापते आणि तापल्यामुळे मऊ पडून जास्त वाकते. त्यामुळे शंभर टक्के हे किंवा शंभर टक्के ते असं लिहिणाऱ्यांकडे मीही जरा डोळे बारीक करून बघते.

टाचणी

हे पटलं. शेवटचा परिच्छेद लोक पेपरात लिहीत नाहीत हेच माझं दुखणं आहे.

भिंगरी

माझा एक बाळबोध प्रश्न. पट्टी नेहमी दिव्याकडेच वाकते का? आणि लांबीलाच का, आडवी का नाही?

रातकिडा

बाळबोध नाही हो, या विषयातला सगळ्यात रसाळ भाग हाच आहे.

२००३ साली यू, नाकानो आणि इकेदा यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात एक काम छापलं, त्यात फिल्म अशी होती की आत बारीक बारीक भाग, प्रत्येक भागात रेणूंची दिशा वेगळी. तिच्यावर ३६६ नॅनोमीटरचा ध्रुवित प्रकाश टाकला. ध्रुवित म्हणजे ज्याचं कंपन एकाच पातळीत चालतं. ॲझो रेणू प्रकाश तेव्हाच नीट शोषतो जेव्हा त्याचा लांब अक्ष कंपनाच्या दिशेला असतो. त्यामुळे ज्या भागांतले रेणू त्या दिशेला होते तेवढेच आखडले आणि फिल्म बरोबर ध्रुवणाच्या दिशेला वाकली. ध्रुवण फिरवलं की वाकण्याची दिशाही फिरली. ५४० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश दिला की सरळ. एकच फिल्म, हव्या त्या कोनात वाकवा. त्याआधी २००१ ला फिंकेलमान, वॉर्नर वगैरेंनी दाखवलं होतं की एकाच दिशेच्या रबराची लांबी अतिनील प्रकाशात २० टक्क्यांपर्यंत कमी होते, पण ते संथ काम होतं.

आणि दिव्याकडेच वाकेल असं नाही. रेणू फिल्मच्या पृष्ठभागाला काटकोनात उभे केले असतील तर शिस्त मोडली की ते उभ्यात आखडणार आणि आडव्यात पसरणार, म्हणजे वरचा थर फुगला, पट्टी दिव्यापासून लांब वाकली. म्हणून लोक काय करतात, एका बाजूला रेणू आडवे आणि दुसऱ्या बाजूला उभे, मध्ये हळूहळू वळत गेलेले. एक बाजू आखडते, दुसरी पसरते, दोन्ही एकमेकींना मदत करतात. अशी पट्टी प्रकाश आरपार पोचला तर आडव्या बाजूकडेच वाकते मग दिवा कुठल्याही अंगाला असो. वरपासून खालपर्यंत रेणू ९० अंशांनी पिळलेले ठेवून पट्टी तिरकी कापली तर ती स्प्रिंगसारखी गुंडाळते, कापायच्या कोनावर डावी की उजवी ते ठरतं. थोडक्यात खरी कारागिरी दिवा लावण्यात नाही, आत रेणू मांडण्यात आहे.

कावळोबा

आणि हे रेणू मांडतात कसे म्हणे? चिमट्याने तर नक्कीच नाही.

शाईचा_डाग

हाहा, नाही. ऐका, हे माझं रोजचं काम.

दोन काचपट्ट्या घ्यायच्या, स्वच्छ घासून. त्यावर पॉलिइमाइड नावाच्या पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, भाजून पक्का करायचा आणि मखमली कापडाने एकाच दिशेने घासायचा. हो, खरंच कापडाने घासायचा, एवढ्या मोठ्या विज्ञानाच्या मुळाशी कापड आहे. त्या घासल्याच्या दिशेला रेणू आडवे पडतात. उभे हवे असतील तर वेगळ्या पॉलिमरचा थर. मग दोन काचा समोरासमोर, मध्ये २० मायक्रॉनचे काचेचे मणी घातलेला गोंद, म्हणजे फट सगळीकडे सारखी. ही कुपी गरम प्लेटवर ठेवून कडेला मोनोमरचं (साखळीत अजून न गुंफलेल्या सुट्या रेणूंचं) मिश्रण ठेवलं की ते वितळून आपणहून फटीत ओढलं जातं. हे बघायला मला अजूनही आवडतं, पारदर्शक आघाडी हळूहळू सरकत जाते. मग सावकाश थंड करायचं, नेमॅटिक अवस्थेत रेणूंना रांगेत यायला वेळ द्यायचा आणि त्याच अवस्थेत प्रकाशाने पॉलिमर करून टाकायचं म्हणजे मांडणी गोठली.

इथे एक मेख आहे जी नवीन मुलांना नेहमी बाधते. पॉलिमर करायलाही प्रकाश लागतो आणि ॲझोही प्रकाश खातं. अतिनील दिवा लावला तर पॉलिमर होता होताच ॲझो वाकडं होऊन मांडणी बिघडवणार. म्हणून असा इनिशिएटर (पॉलिमर व्हायची सुरुवात करून देणारा पदार्थ) निवडायचा जो ॲझो फारसं शोषत नाही त्या रंगाला चालतो, आणि दिव्यापुढे फिल्टर. नंतर कुपी गरम पाण्यात टाकून ब्लेडने काचा उचकटायच्या. घाई केली की फिल्म फाटते आणि सगळा दिवस पाण्यात.

मांडणी नीट झाली का हे बघायला दोन ध्रुवक काटकोनात ठेवून मध्ये फिल्म धरायची. नीट असेल तर फिरवताना ४५-४५ अंशांवर पूर्ण काळी आणि पूर्ण उजळ होते. पिळलेली असेल तर असं होत नाही. ठिपके किंवा धागे दिसले तर मांडणीत दोष.

हल्ली कापडाऐवजी प्रकाशानेच दिशा देतात. काचेवर प्रकाशसंवेदी पॉलिमरचा थर द्यायचा आणि ध्रुवित प्रकाशाने प्रत्येक ठिपक्याला वेगळी दिशा लिहायची. २०१५ ला वेअर, व्हाइट आणि मंडळींनी असं रबर केलं ज्यात छोट्या छोट्या घनांत दिशा लिहिलेल्या, तापवलं की सपाट तुकड्यातून शंकू उभे राहायचे आणि वजनही उचलायचे.

धूमकेतू

मखमली कापड ऐकून धक्का बसला. मघाशी रबर आणि कडक जाळी असे दोन शब्द आलेत, ते वेगळे का? की साखळ्यांना बांधणाऱ्या गाठी कमीजास्त एवढंच?

रातकिडा

बरंचसं तेवढंच, पण गुण फार बदलतात. गाठी कमी आणि साखळी लवचिक असेल तर रबर, ते खोलीच्या तापमानाला मऊ. ताठरपणा एक मेगापास्कलच्या आसपास, लांबीत बदल भरपूर. गाठी ठासून भरल्या तर काचेसारखी कडक जाळी, ताठरपणा एक गिगापास्कलच्या घरात, म्हणजे हजार पट, पण आकारातला बदल दोनचार टक्के. तुम्ही बघितलेल्या वाकणाऱ्या पट्ट्या बऱ्याचदा कडक जाळीच्या असतात कारण वाकायला एक टक्काही पुरतो हे शाईताईंनी वर दाखवलंच आहे. ओझं ओढायचं, आखडायचं असेल तर रबर. दोन्ही गुण एकत्र मागाल तर मिळत नाहीत.

आणखी एक तिसरा प्रकार, गाठीच न बांधलेला. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या यू यांच्या गटाने २०१६ ला साध्या सरळ साखळ्यांच्या लिक्विड क्रिस्टल पॉलिमरच्या बारीक नळ्या केल्या. नळीवर प्रकाशाची तीव्रता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाईल असा प्रकाश टाकला की नळी निमुळती होते आणि आतला द्रवाचा थेंब सरकायला लागतो. चढावर सुद्धा. गाठी नसल्यामुळे पॉलिमर विरघळवून हवा तसा घडवता येतो, हा फायदा मोठा.

पारवा

उशिरा आलो. तुम्ही सगळे हालचालीवरच अडलात पण या पॉलिमरांचा पहिला बोलबाला हालचालीसाठी नव्हता, माहिती साठवायला होता. ध्रुवित प्रकाशात ॲझो रेणू पुन्हा पुन्हा वाकडा-सरळ होत राहतो आणि दर वेळी थोडा वळतो. फिरत फिरत कंपनाच्या दिशेला काटकोनात आला की प्रकाश शोषणंच बंद, मग तिथेच थांबतो. बाकीचेही हळूहळू तिथेच येऊन साठतात. प्रकाशाने अशी दिशा तयार होते हे वायगर्टने १९१९ मध्येच दुसऱ्या पदार्थांत दाखवलं होतं. १९८७ ला आइश, वेंडॉर्फ वगैरेंनी लिक्विड क्रिस्टल पॉलिमरमध्ये होलोग्राम लिहून दाखवले, तापवले की पुसले जातात, परत लिहा. त्यातून माहिती साठवायच्या चकतीचा धंदा काही उभा राहिला नाही. १९९५ ला दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं की ॲझो पॉलिमरच्या फिल्मवर दोन लेझर किरणांचे पट्टे पाडले तर पदार्थ चक्क सरकतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात, वितळण्याच्या कितीतरी खाली! त्याचं कारण काय यावर वर्षानुवर्षं वाद चालले.

टाचणी

आता उपयोगाचं बोला. वीस वर्षं झाली कृत्रिम स्नायू कृत्रिम स्नायू ऐकतोय.

शाईचा_डाग

टाचणी यावर मी तुमच्याच बाजूची. स्नायू म्हणायला आकडे मिळतात, लांबीतला बदल स्नायूएवढा किंवा जास्तच येतो. पण प्रकाशातली ऊर्जा आणि बाहेर मिळालेलं काम यांचं गुणोत्तर अगदीच केविलवाणं आहे. अतिनील प्रकाश आत जात नाही म्हणून जाड तुकडा करता येत नाही, आणि पातळ फिल्म ओझं उचलणार किती. पेशींना अतिनील चालत नाही. सतत वाकवलं तर ॲझो हळूहळू फिकट पडतं.

खरा कारखान्यापर्यंत पोचलेला उपयोग हालचालीचा नाहीच, तो प्रकाशाने दिशा देण्याचा. शार्पने २००९ ला टीव्हीच्या पॅनेलसाठी यूव्हीटूए नावाचं तंत्र जाहीर केलं, त्यात पॅनेलमधल्या थराला अतिनील प्रकाशाने दिशा देतात आणि त्यावर लिक्विड क्रिस्टल आपोआप तसं झुकतं. कापड घासणं गेलं, धूळ आणि स्थिर विद्युत गेली. लोकांच्या घरात भिंतीवर हे लटकतंय आणि कोणाला पत्ता नाही.

हालचालीत मला आशा छोट्या गोष्टींत वाटते, जिथे मोटर बसवताच येत नाही. २००९ ला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या व्हान ऊस्टेन, बास्टियान्सेन आणि ब्रूर यांनी इंकजेटने छापलेल्या बारीक झापडा केल्या, दोन वेगवेगळ्या ॲझो रंगांच्या, म्हणजे दोन रंगांच्या प्रकाशाने झापडेचे दोन भाग वेगवेगळे हलतात आणि पाणी ढवळायला लागणारी पुढे-मागे वेगळी अशी वल्ह्यासारखी चाल मिळते. फिनलंडच्या टांपेरेतल्या गटाने २०१७ ला ऑप्टिकल फायबरच्या टोकावर रबराची पट्टी लावून कीटकभक्षी झाडासारखा सापळा केला. फायबरमधून प्रकाश बाहेर पडतो, समोर एखादी वस्तू आली की तिच्यावरून परतलेला प्रकाश पट्टीवर पडतो आणि पट्टी मिटते. सेन्सर, वायर, प्रोग्रॅम काहीच वेगळं नाही, पदार्थच सगळं करतो. हे मला पटतं. पण रोबोचा हात वगैरे चित्रं दाखवली की मी पान उलटते.

भिंगरी

या सगळ्यात दिवा सारखा चालू-बंद करत बसावं लागतं ना? रंग बदला, बंद करा, परत लावा. म्हणजे बाहेरून कोणीतरी चालवतंच आहे.

रातकिडा

भिंगरी, नेमकं हेच लोकांना खुपत होतं. मग त्यांनी काय केलं, दिवा तसाच ठेवला आणि पट्टीलाच दिवा अडवायला लावलं. पट्टी अशी धरायची की वाकली की तिचीच सावली वाकणाऱ्या भागावर पडेल. सावली पडली की तो भाग सुटतो, सरळ होतो, परत उजेडात येतो, परत वाकतो. दिवा अखंड चालू आणि पट्टी थरथर हलत राहते, सेकंदाला कित्येक वेळा. अट एकच, सिस रूप पटकन परत सरळ व्हायला हवं, नाहीतर सावलीत गेलेला भाग तसाच अडकून बसेल. म्हणजे वर मी ज्या दोन वर्षं टिकणाऱ्या सिसचं कौतुक केलं ते इथे सहसा चालायचं नाही. तरी गंमत बघा, २०१६ ला ब्रूर यांच्याच गटाने फ्लोरिनवाल्या ॲझोची फिल्म थेट उन्हात ठेवली आणि ती वेडीवाकडी हलत राहिली, तिथे उन्हातलाच हिरवा प्रकाश एकीकडे वाकवतो आणि निळा प्रकाश परत आणतो अशी ओढाताण चालते.

कावळोबा

म्हणजे दोन्ही टोकं घट्ट धरली तर गप्प बसेल? कारण मग सावली पाडायला जागाच नाही.

रातकिडा

नाही, उलट तेव्हाच मजा येते. २०१७ ला आइंडहोवन आणि अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी अगदी हेच केलं, गेलेबार्ट हे पहिलं नाव. एका बाजूला रेणू आडवे, दुसऱ्याला उभे अशी फिल्म, दोन्ही टोकं अंतर थोडं कमी ठेवून चिकटवलेली म्हणजे मध्ये फुगवटा येतो, आणि दिवा तिरका. फुगवट्याची एक बाजू उजेडात, दुसरी त्याच्या सावलीत. उजेडातली बाजू बदलते त्यामुळे फुगवटा सरकतो, सरकला की आता दुसराच भाग उजेडात येतो, मागचा सावलीत जाऊन पूर्वपदावर. असा फुगवटा एका टोकापर्यंत जातो, तिथे विरतो, तोवर मागे नवीन तयार. एकाच अचल दिव्याखाली लाटा एकामागून एक चालूच. त्यांनी अशा लाटेवरून वाळू उडवून पृष्ठभाग साफ करून दाखवला, आणि फिल्म चौकटीत बसवून ती चौकटच सरकवून दाखवली.

टाचणी

यात उष्णता नाही असं म्हणू नका फक्त.

रातकिडा

म्हणत नाही, फिल्म तापते आणि त्याने सिस अजून लवकर परत सरळ होतं, उलट फायदाच.

कावळोबा

आणि लाट जाते कुठे, दिव्याकडे की दिव्यापासून लांब?

शाईचा_डाग

कुठली बाजू वर ठेवलीय त्यावर. आडवे रेणू असलेली बाजू वर ठेवली की एकीकडे जाते, तीच फिल्म पालथी करून उभी बाजू वर केली की दिवा जागचा न हलवता लाट उलट दिशेने.